परिच्छेद चौथा

पहिल्या दिवशी गळ्यात अडकवलेल्या पट्टीवर
फक्त नाव होतं. हुद्दा लिहायचा नाही, असा नियम.
तेहतीस वर्षांनी मी नुसती शरयू गद्रे होऊन
हार्टफर्डमधल्या एका विद्यापीठाच्या बाकावर बसले,
आणि बाक जरा मोठाच झाला मला.

वर्गात आम्ही अकरा जण. प्रत्येकाचे चष्मे दोन-दोन.
ड्वाइट मनोऱ्यात बसून विमानं उतरवायचा,
आता त्याला नदीतले मासे मोजायला शिकायचंय.
लोरेन दातांची डॉक्टर. समोरचा हसला
की अजूनही आधी त्याच्या हिरड्या बघते.
शिकवणारी क्रिस्टन माझ्या मुलीहून लहान.
तिनं फळ्यावर लिहिलं, 'तुम्ही कशासाठी?'
आणि कॉफी आणायला निघून गेली.

कशासाठी म्हणजे?
घराचे हप्ते फिटले, मुलगी मार्गी लागली,
निरोपाला कंपनीनं काचेचं बदक दिलं.

आरोग्यविम्याच्या कचेरीत मी 'नाही' म्हणायचे.
आवाज न चढवता, चांगल्या कागदावर.
लोक ताकाला यायचे, भांडं न लपवता;
आम्ही भांड्याचं मापच चुकीचं ठरवायचो.
आई साताऱ्याहून फोनवर विचारायची,
'तू नेमकं करतेस तरी काय गं?'
'कागद तपासते,' मी सांगायचे.
खोटं नव्हतं ते.

दुसऱ्या सत्रात उमेदवारी. वय चौसष्ट.
या शब्दात उमेद आहे
हे पगार बंद झाल्यावर दिसलं.
पार्क स्ट्रीटवर, धुलाईच्या दुकानामागे एक खोली,
भिंतीपलीकडे यंत्रं गरगरतात, साबणाचा वास
फायलींनाही लागलेला.
तिथं लोक नकाराची पत्रं घेऊन येतात
आणि आम्ही ती उलटी फिरवून पाहतो.

इर्मा कोलोन आली बिस्किटांचा निळा डबा घेऊन.
आत पाकिटं, तारखेनुसार, रबर लावून.
नवऱ्याचा पाय. आधी अंगठा गेला होता,
आता डॉक्टर घोट्याबद्दल बोलत होते.
मी वाचायला लागले. पहिला परिच्छेद, दुसरा, तिसरा.

चौथा मी लिहिलेला होता.

'उपलब्ध कागदपत्रांवरून सदर उपचारांची आवश्यकता
दिसून येत नाही, याचा आम्हांस खेद आहे.'
अठ्ठ्याण्णव साली अख्खी एक दुपार
आम्ही 'दुःख' की 'खेद' यावर घालवली होती.
खेद माझा. त्यामागचा स्वल्पविरामही माझा.
कंपनी निराळी, सही निराळी;
माणसांसारखी वाक्यंही नोकरी बदलतात,
फक्त निवृत्त होत नाहीत.

'म्हणजे काय म्हणतायत ते?' इर्मानं विचारलं.
'म्हणजे,' मी म्हटलं, 'कुणी नीट वाचलं नाही.'
पलीकडे एक यंत्र थांबलं.
सांगायला हवं होतं का तिला?
क्रिस्टनला विचारायचं ठरवलं होतं, राहून गेलं.

पण त्या भिंतीत दार कुठं ठेवलंय, ते मला ठाऊक होतं.
पाचवा परिच्छेद, बारीक टाइपात,
वकिलांच्या आग्रहाखातर, नाखुशीनं ठेवलेला :
एकशे ऐंशी दिवस.
एकशे एकाहत्तर उलटले होते.

दोन दिवस लागले अर्जाला.
जखमेची मापं, साखरेचे आकडे, नर्सची टिपणं,
आणि एकदाही खेद नाही.
पाकीट चिकटवताना हात थरथरला,
ते वयामुळं असेल.

उत्तर अजून आलेलं नाही.
इर्मा मात्र पुन्हा आली, डबा घेऊनच.
'तुम्हाला बरं माहीत हे सगळं.
आधी काय करायचात?'
'कागद तपासायचे,' मी म्हटलं.

झाकण जरा घट्ट होतं. दोघींनी मिळून काढलं.
आत आणखी सात पाकिटं, ती तिच्या बहिणीची.
मी दुसरा चष्मा लावला.